‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले नट मिडल-अर्थला पोहोचण्यापूर्वी काय करत होते?

तिसरी घंटा

गेल्या आठवड्यात टॉल्किन यांच्या कादंबरीवरच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटाचे तिन्ही भाग, विस्तारित आवृत्तीत, सलग तीन रात्री पुन्हा पाहिले. मिडल-अर्थ या काल्पनिक जगात फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या जमातीतला तरुण, आठ सोबत्यांसह दुष्ट सौरॉनची मोह पाडणारी अंगठी नष्ट करायला निघतो, ही कथा आता तोंडपाठ झाली असल्यामुळे या वेळी फक्त नटांकडे पाहायचे असे ठरवले होते. गेली अनेक वर्षे मी एका हौशी नाट्यसंस्थेत पडद्यामागे काम करते. विंगेत उभे राहून नट पाहायची सवय लागली की माणूस वाक्य कुठे तोडतो, श्वास कुठे घेतो, समोरचा बोलत असताना स्वतःच्या हातांचे काय करतो, याकडे आपोआप लक्ष जाते आणि तो कुठल्या तालमीतून आला असावा याचा अंदाज बांधावासा वाटतो. त्या अंदाजांतून हा धागा सुरू करत आहे.

दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी हे तिन्ही चित्रपट न्यूझीलंडमध्ये एकत्रच चित्रित केले. ११ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरू झालेले मुख्य चित्रीकरण २२ डिसेंबर २००० रोजी संपले. आपापले देश सोडून तिथे गेलेल्या या मंडळींमध्ये निव्वळ नावावर तिकीटबारी हलवू शकेल असे त्या वेळी जवळजवळ कोणीच नव्हते. पण ही माणसे नवखीही नव्हती. त्यांतील कित्येकांच्या पाठीशी वीस, तीस, चाळीस वर्षांचे काम होते. फक्त ते जगातल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी पाहिलेले नव्हते. माझे म्हणणे असे आहे की, हा काल्पनिक प्रदेश आपल्याला खरा वाटतो त्याचे श्रेय जितके डोंगरदऱ्यांना, नेपथ्याला आणि संगणकीय चित्रांना आहे, तितकेच या आधीच्या कामांना आहे, कारण ती कामे पात्रांच्या अंगावर मुरलेली दिसतात.

सुरुवात जादूगार गॅन्डाल्फ झालेले इयन मॅकेलन यांच्यापासून करते. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकताना ते विद्यार्थ्यांच्या नाटकांत रमले आणि १९६१ मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये व्यावसायिक नट म्हणून उभे राहिले. त्या काळच्या ब्रिटिश गावांतली ‘रेप’ नाट्यगृहे म्हणजे नटांच्या कार्यशाळाच असत. रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम, असा क्रम वर्षभर चाले. आपल्याकडे एकच नाटक घेऊन दौऱ्यावर गावोगाव फिरणारा नट आणि एकाच गावात राहून वर्षाला डझनभर भूमिका करणारा तो नट यांची घडण वेगळी होते. मॅकेलन कॉव्हेंट्रीहून इप्स्विचला आणि तिथून नॉटिंगहॅमला गेले, १९६९ च्या एडिंबरा महोत्सवात त्यांनी शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड आणि मार्लोचा दुसरा एडवर्ड अशा दोन राजांच्या भूमिका केल्या, १९७६ मध्ये जुडी डेंच यांच्यासोबत स्ट्रॅटफर्डच्या एका लहानशा नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ केले आणि ‘अमेडिअस’मधल्या सालिएरीसाठी १९८१ मध्ये न्यूयॉर्कचा टोनी हा नाट्यपुरस्कार मिळवला. म्हणजे गॅन्डाल्फचा झगा अंगावर चढवण्यापूर्वी या माणसाने राजे, खुनी आणि मत्सरी यांच्या अंतरंगात जवळजवळ चाळीस वर्षे घालवली होती.

याचा परिणाम कुठे दिसतो? पुलावर राक्षसाला अडवणारा गॅन्डाल्फ सगळ्यांच्या लक्षात असतो. मला मात्र मोरियाच्या खाणींच्या अंधारातला तो शांत प्रवेश अधिक मोलाचा वाटतो, जिथे तो फ्रोडोला दयेविषयी सांगतो. तिथे मॅकेलन जवळजवळ कुजबुजतात, तरीही वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जात नाही. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला शिकलेला नट पुढे तसल्या लहान नाट्यगृहात, पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर, तोच आवाज आवरायला शिकला, आणि त्या दोन्ही सवयी या एका प्रवेशात एकत्र येतात.

बिल्बो झालेले इयन होम यांची कहाणी मला सर्वांत अधिक भिडते. रॉयल शेक्सपिअर कंपनीतले ते आघाडीचे नट होते. हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द होमकमिंग’साठी त्यांना १९६७ मध्ये टोनी मिळाला होता. १९७६ मध्ये एका नाटकाच्या प्रयोगांना सुरुवात होत असतानाच त्यांना रंगमंचाच्या भीतीने असे गाठले की ते नाटक सोडून गेले आणि त्यानंतर बरीच वर्षे रंगभूमीपासून जवळजवळ दूरच राहिले. त्या काळात ते चित्रपटांकडे आणि नभोवाणीकडे वळले. ‘एलियन’मधला अ‍ॅश, ‘चॅरियट्स ऑफ फायर’मधला प्रशिक्षक मुसाबिनी (या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले) या त्याच काळातल्या भूमिका. आणि १९८१ मध्ये बीबीसीने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ २६ भागांत नभोवाणीवर सादर केले तेव्हा त्यात फ्रोडोचा आवाज होता होम यांचा! वीस वर्षांनी तोच नट, अंगठी फ्रोडोच्या हवाली करणारा वृद्ध बिल्बो म्हणून पडद्यावर आला. मधल्या काळात, १९९३ मध्ये, ते पिंटर यांच्याच नाटकातून रंगमंचावर परतले होते आणि १९९७ मध्ये त्यांनी राजा लिअर साकारला होता. रिव्हेंडेल या एल्फ जमातीच्या ठाण्यात अंगठी पाहताच बिल्बोचा चेहरा क्षणभर विद्रूप होतो आणि लगेच तो लाजेने कोसळतो. त्यातला विद्रूप क्षण तंत्रज्ञांनी अधिक भयंकर केला आहे, पण नंतरचे ते कोसळणे पूर्णपणे होम यांचे आहे. अंगठीचा मोह आवाजातून आधीच एकदा भोगलेला आणि राज्य हातून गेलेला म्हातारा रंगमंचावर नुकताच जगलेला नट तिथे दिसतो, असे मला ठामपणे वाटते.

ख्रिस्तोफर ली यांच्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. युद्धानंतर चित्रपटांत आले, तर त्यांची सहा फूट पाच इंच उंचीच आड येऊ लागली. पुढे हॅमर कंपनीच्या भयपटांनी त्याच उंचीचा उपयोग करून घेतला. १९५७ मध्ये त्यांनी केलेला फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस मुका होता आणि १९६६ च्या ड्रॅक्युलापटात त्यांना एकही संवाद नव्हता. ज्याच्या आवाजातच जादू आहे असे कादंबरी सांगते त्या दुष्ट जादूगार सारुमानची भूमिका अखेर अशा नटाकडे यावी, याचे मला फार समाधान वाटते. टॉल्किन यांना प्रत्यक्ष भेटलेले या संचातले ते एकटेच. कादंबरीही ते दर वर्षी पुन्हा वाचत. त्यांच्या आदल्याच मोठ्या भूमिकांपैकी एक म्हणजे १९९८ च्या ‘जिना’ या चित्रपटातले महंमद अली जिना, आणि त्या चित्रपटात त्यांच्यासोबत आपले शशी कपूर होते.

बाकीच्या नटांविषयी जाणकारांनी अवश्य भर घालावी.

मिडऑन

उत्तम धागा. ऑस्ट्रेलियातून आलेल्या मंडळींबद्दल मी लिहितो, आणि सुरुवात क्रिकेटपासून करतो, कारण ह्यूगो वीव्हिंग यांना मी पहिल्यांदा पाहिले ते क्रिकेटमुळेच. १९३२-३३ च्या कुप्रसिद्ध बॉडीलाइन मालिकेवर ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये एक दूरदर्शन मालिका झाली. तीत इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन साकारला होता वीव्हिंग यांनी, तेव्हा ते जेमतेम चोविशीत होते. जार्डिनचा जन्म मुंबईचा, १९०० सालचा. भारतात खेळला गेलेला पहिला कसोटी सामनाही मुंबईतच, १९३३ च्या डिसेंबरात, जिमखान्याच्या मैदानावर झाला आणि त्यात इंग्लंडचे नेतृत्व जार्डिननेच केले होते. प्रेक्षक आरडाओरडा करत असताना चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा, आपलेच बरोबर आहे याची खात्री बाळगणारा तो माणूस वीव्हिंग यांनी ज्या तऱ्हेने उभा केला, ती मान, ती हनुवटी आणि ते तोलून मापून बोलणे मला त्यांच्या एल्रॉन्ड या एल्फ-सरदारामध्ये जसेच्या तसे सापडते. मधल्या काळात त्यांनी ‘प्रूफ’मध्ये (१९९१) अंध छायाचित्रकार, ‘प्रिसिला’मध्ये (१९९४) स्त्रीवेषात नाचणारा कलावंत आणि ‘मेट्रिक्स’मध्ये (१९९९) एजंट स्मिथ साकारला होता. एवढा पल्ला असलेल्या माणसाने एल्रॉन्डसाठी हात आखडता घेतला, हे त्याच्या जाणतेपणाचे लक्षण आहे.

वीव्हिंग, केट ब्लँचेट आणि मिरांडा ओटो हे तिघेही सिडनीच्या ‘नायडा’ या नाट्यशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला जे स्थान आहे, साधारण तेच तिकडे ‘नायडा’ला आहे. ब्लँचेट १९९२ मध्ये तिथून पदवी घेऊन सिडनीच्या रंगभूमीवर नाव मिळवत होत्या. तोवर ऑस्ट्रेलियाबाहेर फारशा परिचित नसलेल्या या अभिनेत्रीला इंग्लंडची राणी म्हणून जगासमोर आणले ते शेखर कपूर यांनी, १९९८ च्या ‘एलिझाबेथ’मधून. त्या चित्रपटाच्या शेवटी तरुण राणी केस कापून, चेहऱ्याला पांढरा रंग फासून स्वतःची मूर्ती करून घेते. तो शेवट पाहावा आणि मग त्यांची एल्फ-स्वामिनी गॅलाड्रिएल अंगठी नाकारते तो प्रवेश पाहावा. सत्ता म्हणजे काय आणि तिची किंमत कोणती, हे ब्लँचेट यांनी एकदा होकार देऊन आणि एकदा नकार देऊन दाखवले आहे.

सांजवात

तिसरी घंटा, आपला लेख आवडला. तरीही एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. रंगभूमीवरून आलेल्यांचे आपण जे कौतुक केले आहे ते योग्यच आहे, परंतु या कथेचा भार शेवटी ज्या दोघांच्या खांद्यावर आहे ते इलायजा वुड (फ्रोडो) आणि फ्रोडोचा सोबती सॅम झालेले शॉन अ‍ॅस्टिन हे दोघेही लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर वाढलेले आहेत. आवाजाच्या तालमीइतकीच ती तालीमही खडतर असते.

वुड चित्रीकरण सुरू झाले तेव्हा अठरा वर्षांचे होते, पण त्याआधी जवळजवळ दहा वर्षे ते चित्रपटांत काम करत होते. १९९० च्या ‘अ‍ॅव्हलॉन’मध्ये ते लहान मुलगा म्हणून दिसतात आणि १९९७ मध्ये अँग ली यांच्या ‘द आइस स्टॉर्म’मध्ये अबोल, हरवलेला किशोर म्हणून. फ्रोडोच्या भूमिकेसाठी त्यांनी भाड्याने पोशाख आणून, झाडीत जाऊन, स्वतःच चाचणीची फीत चित्रित करून घेतली. कॅमेरा काय टिपतो हे ठाऊक असलेल्या मुलालाच हे सुचू शकते.

अ‍ॅस्टिन यांच्या आई पॅटी ड्यूक यांनी सोळाव्या वर्षी ऑस्कर मिळवले होते. ते स्वतः १९८५ च्या ‘द गूनीज’मध्ये मुलांच्या टोळीचे पुढारी होते आणि १९९३ च्या ‘रुडी’मध्ये अंगात फारसे बळ नसताना निव्वळ चिकाटीने मैदानावर पोहोचणारा खेळाडू त्यांनी रंगवला. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या एका लघुपटालाही ऑस्करचे नामांकन होते. ‘रुडी’ पाहिलेल्या प्रेक्षकाला सॅम फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढतो तेव्हा आश्चर्य वाटणार नाही.

आता तांत्रिक भाग, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे. हॉबिट ठेंगणे आणि गॅन्डाल्फ उंच दिसावा म्हणून अनेक दृश्यांत वुड यांना मॅकेलन यांच्यापासून बरेच मागे बसवत, आणि कॅमेऱ्यातून मात्र दोघे शेजारी बसल्यासारखे दिसत. सुरुवातीचे गाडीतले दृश्य असेच घेतलेले आहे. म्हणजे जिथे सहकलाकाराचा चेहरा नाही अशा रिकाम्या जागी पाहून प्रेम, भीती, ओळख दाखवायची. समोर माणूस असण्याची सवय असलेल्या रंगकर्मीला हे जड जाते. लहानपणापासून खडूच्या खुणेवर उभे राहून, तुकड्या-तुकड्यांनी अभिनय केलेल्या मुलाला ते तितके जड जात नाही. फ्रोडोचे ते मोठे डोळे सुंदर आहेत म्हणून लक्षात राहतात असे नाही. ते नेमके कुठे पाहायचे हे जाणतात.

तिसरी घंटा

सांजवात, हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. गाडीतल्या दृश्याविषयी वाचले होते, पण त्याचा नटाच्या घडणीशी संबंध मी जोडला नव्हता. माझ्या मूळ विधानात ‘आधीची कामे’ असे म्हटले आहे त्यात बालकलाकारांचे काम यायलाच हवे होते. मी विंगेतून पाहणारी, त्यामुळे माझा कल रंगमंचाकडे गेला.

मिडऑन, जार्डिनचे सर्वस्वी नवे होते. मनापासून आभार.

पुस्तकवाला

मला या नटांच्या अभिनयापूर्वीच्या उद्योगांविषयी लिहायचे आहे. मी छपाईच्या व्यवसायात असल्यामुळे बिली बॉइड, म्हणजे हॉबिट पिपिन, यांचे मला विशेष अगत्य आहे. ग्लासगोचे हे गृहस्थ नाट्यशिक्षण घेण्यापूर्वी सहा वर्षे पुस्तकबांधणीचे काम करत होते. जुज (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) शिवणे, कणा गोल करणे, पुठ्ठ्यावर कापड ताणणे ही कामे ज्याने केली आहेत त्याच्या बोटांना एक प्रकारची शांतता येते, हे मी रोज पाहतो. त्यानंतर ते स्कॉटलंडच्या संगीत आणि नाट्य अकादमीत गेले.

शॉन बीन हे शेफील्डचे, वडिलांचा पोलादकामाचा व्यवसाय. मुलगाही वेल्डिंग शिकायला गेला, तिथून चित्रकलेच्या वर्गांकडे आणि मग १९८१ मध्ये लंडनच्या ‘राडा’ या नामांकित नाट्यसंस्थेत. ब्रिटिश प्रेक्षक त्यांना ओळखत होते ते ‘शार्प’ या मालिकेमुळे. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत शिपायाच्या दर्जातून अधिकारी झालेला आणि म्हणून खानदानी अधिकाऱ्यांना कायम परका वाटणारा सैनिक त्यांनी त्यात १९९३ पासून १९९७ पर्यंत साकारला. त्यांनी साकारलेला बोरोमिर तर गॉन्डोर राज्याच्या राजकारभाऱ्याचा थोरला मुलगा आहे. तरीही त्याच्यातला तो अवघडलेपणा, आपण कमी पडतो आहोत ही आतली सल, बीन यांनी आपल्या उत्तरेकडच्या बोलीसकट तशीच ठेवली. शेवटी तो गॉन्डोरचा वनवासी वारस असलेल्या अ‍ॅरागॉर्नला ‘माझा राजा’ म्हणतो तेव्हा एक शिपाई बोलत असतो.

आणि बर्नार्ड हिल. रोहानच्या थिओडेन राजाच्या भूमिकेतल्या या नटाला ब्रिटनमध्ये घराघरांत ओळख मिळाली ती १९८२ मध्ये बीबीसीच्या ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ या मालिकेतून. कारखाने आणि गोद्या बंद पडत चाललेल्या लिव्हरपूलमधला बेकार योसर ह्यूज त्यांनी साकारला. दारोदार ‘मला काम द्या, मी ते करू शकतो’ म्हणत फिरणारा, मुले हिरावली जाणारा, हळूहळू भान हरपत जाणारा तो बाप त्या देशात बेकारीचे प्रतीकच झाला. गिरण्यांच्या संपाचे वर्षही १९८२ हेच. त्यानंतरची गिरणगावातली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना योसर परका वाटणार नाही. मुलाच्या थडग्यापाशी उभ्या असलेल्या थिओडेनचे रडणे राजाचे वाटत नाही, कुठल्याही बापाचे वाटते, याचे मूळ मला तिथे दिसते.

त्याच वर्षी आलेल्या ‘गांधी’ या चित्रपटातही हिल यांची छोटी भूमिका आहे. म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले झालेले डॉ. श्रीराम लागू, कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आणि रोहानचा राजा हे एकाच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आहेत! पुढे ‘टायटॅनिक’चा कप्तानही हिल यांनीच केला. अकरा ऑस्कर मिळवणारे चित्रपट आजवर तीन झाले, ‘बेन-हर’, ‘टायटॅनिक’ आणि ‘द रिटर्न ऑफ द किंग’, आणि त्यांपैकी दोहोंत हा माणूस आहे. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले.

ऑकलंडकर

गेली काही वर्षे न्यूझीलंडमध्ये राहतो, म्हणून इथल्या नटांची बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते. परदेशांतून आलेल्यांची चर्चा नेहमी होते. स्थानिक कलावंतांची होत नाही.

इथे १९९२ पासून ‘शॉर्टलँड स्ट्रीट’ ही एका रुग्णालयावरची मालिका चालू आहे. न्यूझीलंडच्या नटांची एक अख्खी पिढी तिच्यावर पोसली गेली. रोहानचा सरदार एओमेर झालेले कार्ल अर्बन आणि हाल्दिर हा एल्फ झालेले क्रेग पार्कर दोघेही त्या मालिकेत होते. रोज नवे संवाद, हातात वेळ कमी आणि दुसऱ्यांदा चित्रीकरण करण्याची संधी त्याहून कमी, अशी ती शाळा. दुसरी शाळा म्हणजे ऑकलंडच्या परिसरात चित्रित झालेल्या ‘हर्क्युलिस’ आणि ‘झीना’ या दोन अमेरिकी मालिका. अर्बन यांनी ‘झीना’मध्ये ज्युलियस सीझर केला होता. घोडेस्वारी, तलवारी, चामड्याची चिलखते, राक्षसांचे मुखवटे या सगळ्यांची सवय नटांना, साहसदृश्ये करणाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना त्या मालिकांनी लावली. जॅक्सन यांना इथे घोड्यावर बसून बोलू शकणारी माणसे मिळाली ती आकाशातून पडलेली नव्हती.

आता चेहरा न दिसलेल्यांविषयी. लॉरेन्स मकोआरे या माओरी नटाने पहिल्या भागात बोरोमिरला मारणारा लुर्त्झ आणि तिसऱ्या भागात सौरॉनचे सेनानी गॉथमॉग तसेच विच-किंग, अशा भूमिका रंगभूषेच्या आणि चिलखतांच्या थरांखाली केल्या. अंगठीचा स्वामी सौरॉन ज्या चिलखतात दिसतो त्या चिलखतात साहसदृश्ये करणारा साला बेकर हा तरुण होता. आणि गिम्ली या बुटक्या ड्वार्फ योद्ध्याचे बरेचसे काम ब्रेट बीटी यांनी केले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गिम्ली झालेले जॉन ऱ्हिस-डेव्हिस हे मोठे नट आहेत यात शंका नाही. ‘आय, क्लॉडियस’, ‘शोगुन’ आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मधला सल्लाह ही त्यांची कामगिरी विसरता येणार नाही, ते सहा फुटांहून उंच असल्यामुळे हॉबिटांसोबत त्यांना एकाच प्रमाणात लहान करता येई, हाही त्यांच्या निवडीचा मोठा फायदा ठरला. परंतु चेहऱ्यावरच्या रबरी मुखवट्याने त्यांच्या त्वचेला अतोनात त्रास झाला आणि दूरच्या, धावण्याच्या, लढण्याच्या कितीतरी दृश्यांत दाढीमागे बीटी होते. नऊ सहप्रवाशांच्या नटांनी आठवण म्हणून गोंदवून घ्यायचे ठरवले, तेव्हा ऱ्हिस-डेव्हिस यांच्या जागी ते गोंदण बीटी यांनी करून घेतले. सहकलाकारांनी दिलेला तो मान मला पडद्यावरच्या नावाइतकाच मोठा वाटतो.

जाता जाता: एल्रॉन्डच्या सभेत काही क्षण दिसणारा देखणा, गप्प एल्फ म्हणजे ब्रेट मकेन्झी. वेलिंग्टनमध्ये गाणी करणारा हा मुलगा पुढे ‘फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स’ या विनोदी गायक-जोडीमुळे जगभर गाजला आणि २०१२ मध्ये त्याने गीतासाठी ऑस्करही मिळवले.

चित्रचौकट

अंगठीच्या मोहाने विद्रूप झालेल्या गॉलमचा उल्लेख अजून कोणी केला नाही. मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तो साकारणारे अँडी सर्किस लँकेस्टर विद्यापीठात शिकायला गेले ते दृश्यकला. रेषा, आकार, मंचसज्जा यांचा अभ्यास करता करता ते नाटकाकडे ओढले गेले आणि त्याच गावातल्या ड्यूक्स प्लेहाउसमध्ये, पुढे मँचेस्टरच्या रॉयल एक्सचेंजमध्ये आणि लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये त्यांनी कामे केली. १९९९ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये ते क्रूर बिल साइक्स झाले होते. जॅक्सन यांच्याकडून बोलावणे आले ते काही आठवड्यांच्या, मुख्यतः आवाजाच्या कामासाठी. परंतु घशातून तो आवाज काढायचा तर अख्खे शरीर वाकवावे लागते, हे सर्किस यांनी करून दाखवले. तो आवाज त्यांना सापडला होता मांजर घशात अडकलेला केसांचा गोळा बाहेर काढते त्यावरून. मग ते वुड आणि अ‍ॅस्टिन यांच्यासोबत प्रत्यक्ष दृश्यांत उतरले, गॉलमचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ जाईल असा नव्याने घडवला गेला, आणि नंतर मोशन कॅप्चरच्या (शरीराच्या हालचाली यंत्राने नोंदवण्याच्या) पोशाखात त्यांनी ती दृश्ये पुन्हा केली.

इथे एक गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंच्या वतीने स्पष्ट लिहितो. शरीराच्या हालचालींची नोंद यंत्राने झाली, पण चेहऱ्याचे भाव त्या वेळी अ‍ॅनिमेटरांनी सर्किस यांचे चित्रण समोर ठेवून हाताने घडवले होते. गॉलम हा एका नटाचा आणि अनेक चित्रकारांचा मिळून आहे. आणि नट स्वतःच दृश्यकला शिकलेला असल्यामुळे आपली पाठ, मान, बोटे यांची बाह्यरेषा कशी दिसेल याचे भान त्याला होते. गॉलम आणि त्याचेच दुसरे रूप असलेला स्मिगॉल आपसात भांडतात तो प्रवेश आवाज बंद करून पाहावा. मानेच्या नुसत्या कलावरून कोण बोलतो आहे ते समजते.

मिडऑन

अ‍ॅरागॉर्न झालेले व्हिगो मॉर्टेन्सन राहिले. डॅनिश वडील, अर्जेंटिनात गेलेले बालपण, १९८५ च्या ‘विटनेस’मध्ये आमिश शेतकऱ्याची लहानशी भूमिका, आणि पुढची पंधरा वर्षे बहुतेक दुय्यम कामे. या काळात ते कविता लिहीत, चित्रे काढत, छायाचित्रे घेत. अ‍ॅरागॉर्नसाठी आधी दुसऱ्या तरुण नटाची निवड झाली होती. चित्रीकरणाला आरंभ होताच ती बदलली आणि मॉर्टेन्सन यांना घाईने बोलावले गेले. कादंबरी वाचलेल्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलाने आग्रह केला म्हणून ते गेले. तलवार शिकवायला होते बॉब अँडरसन, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे उतरलेले. आल्या आल्या चित्रित झालेले मॉर्टेन्सन यांचे पहिले मोठे दृश्य म्हणजे वेदरटॉप टेकडीवरची झुंज. देश आणि भाषा बदलत वाढलेल्या माणसाला वनवासी राजा समजावून सांगावा लागला नसेल.

तिसरी घंटा

आपल्या सगळ्यांचे लिहिणे वाचून काल रात्री तिसऱ्या भागातला एकच प्रवेश तीनदा पाहिला. बोरोमिरचा बाप, राजकारभारी डेनेथॉर जेवतो आहे, पिपिन त्याच्यासमोर उभा राहून गातो आहे आणि तिकडे त्याचा धाकटा मुलगा फॅरामिर मूठभर घोडेस्वार घेऊन मरायला निघाला आहे.

डेनेथॉर झालेले जॉन नोबल यांनी १९७७ पासून दहा वर्षे दक्षिण ऑस्ट्रेलियात एक नाट्यसंस्था चालवली होती. पन्नाशी ओलांडेपर्यंत बाहेरच्या जगाला त्यांचे नाव माहीत नव्हते. फॅरामिर झालेले डेव्हिड वेनम यांनी सिडनीच्या ग्रिफिन या छोट्या नाट्यगृहात १९९१ मध्ये ‘द बॉइज’ नावाच्या नाटकात तुरुंगातून सुटून घरी आलेला हिंसक भाऊ केला होता आणि तीच भूमिका १९९८ मध्ये पडद्यावरही केली. बापाने नाकारलेला सौम्य मुलगा त्यांनी त्याच्या अगदी उलट टोकाला जाऊन शोधला आहे. आणि पिपिनच्या गाण्याचे शब्द टॉल्किन यांच्या कादंबरीतले असले, तरी चाल स्वतः बिली बॉइड यांनी बांधलेली आहे.

या वेळी मी पुस्तकवाला यांनी सांगितल्याप्रमाणे बॉइड यांच्या हातांकडे पाहत होते. ते गाणे संपेपर्यंत हलत नाहीत. सगळी हालचाल नोबल यांच्याकडे आहे: कोंबडीचे हाड मोडणे, फळ दातांखाली फुटून रस हनुवटीवर ओघळणे, आणि मुलाकडे जाणारा एकही विचार चेहऱ्यावर येऊ न देणे. गाणे संपते, पिपिनच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळतो, आणि डेनेथॉर खातच राहतो.